आरशाचं तिकीट वेगळं

बेळगावकर गोव्यात समुद्र बघायला जातो, हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. समुद्र कधीचाच बघून झालेला असतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी... सकाळी दशम्या आणि शेंगाचटणी बांधून निघालं की जेवायला पणजी. इतक्या जवळचा समुद्र माणूस किती वेळा बघणार? त्यातून जुलैचा पाऊस, लाल झेंडे लावलेला किनारा, मागच्या सीटवर कंटाळलेली दोन पोरं आणि कमरेला पट्टा बांधलेल्या सासूबाई. अशा वेळी "आता करायचं काय?" या एका प्रश्नावर जगणारा अख्खा धंदा गोव्यात उभा राहिलाय. मेणाचे पुतळे, उलटं बांधलेलं घर, आणि आम्ही पावसातून पळत ज्यात शिरलो ते विचित्र वस्तूंचं संग्रहालय. त्याला लागूनच आरशांचा भुलभुलैया. आरशाचं तिकीट वेगळं. दोन्ही एकदम घेतलं तर थोडं स्वस्त, म्हणजे अर्थातच दोन्ही.

या असल्या संग्रहालयांचा मूळपुरुष रॉबर्ट रिप्ले. हा न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात खेळांची व्यंगचित्रं काढायचा. १९१८ च्या डिसेंबरात त्याने खेळाडूंचे चमत्कारिक विक्रम एका चौकटीत काढून दिले, आणि पुढे 'बिलीव्ह इट ऑर नॉट' या नावाने तोच त्याचा जन्माचा उद्योग झाला. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने जमवलेल्या चमत्कारांचं दालनच उघडलं. आम्ही गेलो ते काही रिप्लेच्या घराण्यातलं नव्हे, पण वळण तेच: सगळीकडे अंधार, वस्तूवर दिव्याचा झोत, आणि वस्तूखाली पाटी. पाटीवर आकडा. इतके सेंटिमीटर, इतके किलो, इतकी वर्षं. आकडा वाचायचा, "बापरे" म्हणायचं आणि पुढच्या पाटीकडे सरकायचं. आमच्या नववीतल्या थोरल्याला हे फार आवडलं, कारण त्याची पिढी आकडा बघूनच जेवते.

सासूबाई पाट्या वाचत नाहीत. त्यांचा चष्मा पर्समध्ये असतो आणि पर्स गाडीत असते.

दाराशीच रॉबर्ट वॉडलोचा पुतळा होता. आजवर नोंद झालेल्या माणसांत सर्वांत उंच: २७२ सेंटिमीटर, म्हणजे नऊ फुटांना जेमतेम एक इंच कमी. पोरांनी त्याच्या कमरेशी उभं राहून फोटो काढले. सासूबाईंची मान फार वर जात नाही, त्यामुळे त्यांना तो गुडघ्यापर्यंतच नीट दिसला. तेवढ्यावर त्यांनी विचारलं, "याला खाट कुठनं करून आणत असतील गं?"

मी पाटी पुन्हा वाचली. खाटेचं काही नव्हतं.

"आजी, तो अमेरिकेतला होता. तिथं सगळं मिळतं," थोरला म्हणाला.

"मिळतं की. पण घरात बसाया नको?"

बुटांचं मात्र मला माहीत होतं. एका बूट कंपनीने त्याला बूट फुकट पुरवले आणि त्या बदल्यात जाहिरातीसाठी गावोगाव फिरवलं. आणि त्याच्या मरणाचंही वाचलं होतं. पायांना आधार म्हणून बांधायच्या साधनाने घोट्याला काचून फोड आला, तो चिघळला, आणि १९४० साली, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी तो गेला. हे मी सांगितल्यावर सासूबाईंनी नकळत स्वतःच्या कमरेचा पट्टा जरा सैल केला. "काचतोच मेला," म्हणाल्या. २७२ या आकड्याने जे झालं नव्हतं ते त्या एका फोडाने झालं. त्या पुतळ्याशी दोन मिनिटं जास्त थांबल्या.

तसं असल्या ठिकाणांशी आमच्याकडच्या माणसांची ओळख जुनी आहे. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं की लेकरांना न्यू पॅलेस दाखवायचाच, हा बेळगाव-निपाणीकडचा शिरस्ता. १८८४ साली पूर्ण झालेला तो वाडा, आणि आत पेंढा भरलेले वाघ. लहानपणी मला त्या वाघांपेक्षा त्यांच्या काचेच्या डोळ्यांची भीती वाटायची. पुण्याचं केळकर संग्रहालय हे तर एका माणसाच्या वेडाचं घर. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. तिथे राजेरजवाड्यांचं काही बघायला म्हणून नेलेल्या सासूबाई अडकित्त्यांच्या कपाटासमोरून हलेनात. कुठल्या अडकित्त्याने सुपारी सरळ कातरेल, कुठला नुसता मिरवायचा आणि कुठला बोट चिमटणार, हे त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या बाईही अडकित्तावाल्याच निघाल्या. संग्रहालय तिथे पाऊण तास अडलं.

तर गोव्यात. पुढच्या कोपऱ्यात एक आपला माणूस भेटला. पुण्याचे श्रीधर चिल्लाळ. फोटोच होता, पण भिंतभर. डाव्या हाताची नखं बोटांतून निघून, वळत, पिळत खाली आलेली, जुन्या लाकडाच्या सालीच्या रंगाची. शाळेत असताना मास्तरांचं वाढवलेलं नख यांच्या हातून तुटलं. मास्तर म्हणाले, नख सांभाळणं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. पोराने ते आव्हान म्हणून घेतलं. १९५२ पासून डाव्या हाताची नखं कापली नाहीत, ती २०१८ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या रिप्लेच्या संग्रहालयात कापली. तेव्हा ती तिथेच ठेवली होती. पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर, नुसत्या अंगठ्याचं १९७.८.

"नऊ मीटर!" थोरला.

"पाचवारीपेक्षा जास्त की," भावजी. आमचे दीर कापडाच्या दुकानात आहेत, त्यांना मीटर म्हटलं की साडीच दिसते.

धाकटीने स्वतःचं करंगळीचं नख बघितलं आणि खिशात लपवलं, कारण तिच्या शाळेत सोमवारी नखं तपासतात.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मग हळूच: "झोपत कसे असतील?"

मी सांगितलं की ते फोटोग्राफर होते, त्या हाताने धरता यावा म्हणून कॅमेऱ्याला खास मूठ करून घेतली होती. आणि हाताची बोटं शेवटी मिटता-उघडता येईनात अशी झाली. हे सगळं ठीक होतं. पण झोप? तेवढं मला आठवेना, आणि पाटीवर तर नव्हतंच. पाटी लिहिणाऱ्याला घर नसावं असा मला दाट संशय आहे. ज्याने कधी कुणाचं अंथरूण घातलेलं नाही, तोच फक्त सेंटिमीटर मोजून थांबू शकतो.

त्याच्या पुढे काचेच्या पेटीत जलपरी. म्हणजे वर सुकलेलं माकड आणि खाली मासा, मध्ये टाके. अमेरिकेत बार्नम नावाच्या खटपट्याने १८४२ साली अशीच एक 'फिजीची जलपरी' दाखवून गर्दी खेचली होती, तिची ही नक्कल. पोरांनी "ई" केलं. सासूबाई खाली वाकून बघून म्हणाल्या, "आमच्या जत्रेतली बरी होती. बोलायची तरी."

त्या नागकन्येबद्दल म्हणत होत्या. ज्यांनी ती बघितली नाही त्यांचं लहानपण थोडं वायाच गेलं. कनातीचा तंबू, बाहेर भोंगा, आत एक मेज; मेजावर वेटोळं घातलेला कापडी नाग आणि त्याच्या तोंडाशी जिवंत बाईचं मुंडकं. मेजाखाली मोकळं, पलीकडची कनात स्वच्छ दिसते, म्हणजे बाईला धड नाहीच! नाव विचारलं की नाव सांगायची, आईबापाचा शब्द मोडला म्हणून अशी झाले असंही सांगायची. सासूबाईंनी, तेव्हा परकरातल्या, तिला विचारलं होतं, "जेवण कोण भरवतं?" ती बाई हसली. भोंगेवाल्याने यांना तंबूतून बाहेर काढलं.

यातली गंमत अशी की ती नागकन्या आरशाचीच लेक. मेजाच्या पायांमध्ये दोन आरसे उभे करायचे, त्यांची कड पुढच्या पायाशी जुळवलेली आणि दोन्ही तिरपे, ४५ अंशात. त्यांत दिसते बाजूची कनात. पण तिचं कापड मागच्या कनातीच्याच रंगाचं, त्यामुळे आपण मेजाखालून आरपार बघतोय असं वाटतं. आरशांच्या मागे बाई मांडी घालून बसलेली. लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये १८६५ साली स्टोडारे नावाच्या जादूगाराने याच युक्तीने स्फिंक्सचं बोलतं डोकं दाखवलं होतं. तिथल्या रंगमंचावरचा आरसा आमच्याकडच्या जत्रेत कनातीत येऊन बसला. पुढे दोरी का बांधलेली असते तेही त्यातच आलं: जवळ गेलात तर मेजाखाली तुमचेच पाय दिसतील.

आणि मग आरशांचा भुलभुलैया. दारातल्या पोराने प्रत्येकाला पातळ प्लास्टिकचे हातमोजे दिले. हे कशाला, म्हणून भावजींनी हुज्जत घातली. कारण सोपं होतं. आरशावर बोटांचे ठसे उमटले की तिथे आरसा आहे हे मागच्याला कळतं, आणि मग तिकीट कशाचं? त्या पोराच्या एका हातात फवारा आणि दुसऱ्या हातात चुरगळलेलं वर्तमानपत्र होतं. आम्ही आत शिरतानाही तो वाकून, मांडीच्या उंचीवरचे ठसे पुसत होता. मोठ्यांचे ठसे कमी असतात, पोरांचे फार, असं त्यानेच सांगितलं. पोरं हातमोजे काढून टाकतात.

आतली रचना खरं तर भूमितीच्या वहीतली. जमिनीवर समभुज त्रिकोणांची जाळी आखायची, काही बाजूंवर आरसे, काही मोकळ्या, आणि प्रत्येक कोपऱ्यात सारखाच खांब आणि सारखीच कमान. ६० अंशांतल्या दोन आरशांत पाच प्रतिमा आणि तुम्ही सहावे. खऱ्या वाटेची कमान कुठली आणि नुसती दिसणारी कुठली, हे डोळ्याला सांगता येत नाही. युरोपला याचं वेड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लागलं. प्रागमध्ये पेत्रिन टेकडीवर १८९१ च्या प्रदर्शनातला भुलभुलैया अजून आहे. ल्युसर्नचा मूळ १८९६ च्या जिनिव्हा प्रदर्शनासाठी केलेला, त्यात ९० आरसे आहेत. गोव्यातल्यात किती, ते मोजायच्या भानगडीत पडले नाही. पाटी नव्हती, याचंच बरं वाटलं.

थोरला "तीनशेसाठ भागिले साठ, वजा एक" असं पुटपुटत चालला आणि वजा एकला त्याचं कपाळ काचेवर आपटलं. भावजी दर वळणावर पोट आत घ्यायचे. सहा भावजींनी एकदम पोट आत घेतलेलं बघणं हा एरवी न मिळणारा योग. धाकटी मात्र कुठेतरी डावीकडे हसत होती, मग उजवीकडे, मग मागे, आणि तिचा हात धरायला जावं तर गार काच. दोन समोरासमोरच्या आरशांमध्ये मी थांबले. खडेबाजारात बाबांबरोबर कटिंगच्या दुकानात जायचे तेव्हा असेच पुढेमागे आरसे असायचे, आणि त्यांत ओळीने बसलेले अगणित बाबा लांब लांब हिरवट होत जायचे. त्याचंही कारण आहे: काचेतल्या लोहामुळे दर परतीच्या वेळी थोडा उजेड खाल्ला जातो, हिरवा कमी खाल्ला जातो. इथेही आठवी-नववी मी शेवाळलेली होती.

या सगळ्यात सासूबाई कुठे? मी घाबरले. हाका मारल्या. आवाज बाहेरून आला, "अगं, मी हितं बाकावर बसलेय की!"

आम्ही आणखी बराच वेळ धडका खात बाहेर पडलो, तोवर त्यांनी तिथल्या पोराकडून चहा मागवून पिऊनसुद्धा घेतला होता. कशा आलात, म्हटलं. त्यात काय एवढं? मान वर होत नाही, म्हणून जमिनीकडे बघत चालले. जिथे फरशीला आरशाची पट्टी टेकलीय तिथे वाट नाही, जिथे पट्टी नाही तिथे वाट. आणि फरशी झिजलेली कुठे आहे तेही दिसतंय की. एवढी माणसं रोज जातात, ती काय आरशातनं जातात? पोराने आमच्याकडे बघून मान डोलावली. बहुधा ही गोष्ट त्याने कुणालाच सांगायची नसते.

परतीला घाटात धुकं. पुढचे दिवे दिसेनात म्हणून गाडी रांगत होती. मी फोन काढून चिल्लाळांचं शोधलं, आणि सापडलं. त्यांनीच एका मुलाखतीत सांगितलं होतं: फार हालचाल करता यायची नाही, दर अर्ध्या तासाने जाग यायची आणि हात उचलून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला ठेवावा लागायचा. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

सासूबाईंनी विचार केला. "दुसऱ्या बाजूला म्हणजे बायकोच्या बाजूला की गं."

"असेल."

"मग तिच्या झोपेचं काय?"

ते फोनमध्ये नव्हतं. पुढे गाडी चालवणारे आमचे हे, ज्यांचं घोरणं टिळकवाडीत दोन घरं सोडून ऐकू जातं, त्यांनी एकदम एसीत कसली खटखट येतेय का ते बघायला सुरुवात केली.