स्कॉलरशिपवाले उभे राहा!

नागपूरच्या मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकलं असेल. उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडायच्या. मग फॉर्म यायचे आणि सर वर्गात येऊन खणखणीत आवाजात पुकारायचे. उभं राहिलेल्या एकेकाला जात, बापाचा धंदा, उत्पन्नाचा दाखला आणला की नाही, सगळं भरवर्गात विचारलं जायचं. परिस्थिती माहीत करून घ्यायची आपल्याकडची ही रीत. आता काही ठिकाणी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव २५ टक्क्यांतली पोरं अशी उभी करतात म्हणे.

मी सध्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. इथे आल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते जेवणाचं काउंटर. पोरं मशीनवर बोट टेकवतात, ताट उचलतात, पुढे सरकतात. कोणाच्या खात्यात आईबापांनी पैसे भरलेत आणि कोणाचं जेवण सरकारी खर्चानं आहे, मागच्या पोराला पत्ता लागत नाही. बोटाचा ठसा घ्यायला पालकांची लेखी संमती लागते, २०१२ चा कायदाच आहे तसा. गरीब घरातल्या मुलांमागे शाळेला २०११ पासून जादा निधी मिळतो, त्याला प्युपिल प्रीमियम म्हणतात. त्यात माझ्या वर्गातलं कोण आहे ते माझ्या यादीत असतं. फळ्यावर नसतं.

त्याहून मोलाची वाटली ती ‘ऑपरेशन एनकम्पास’ नावाची सोय, २०११ मध्ये प्लिमथला सुरू झालेली. रात्री घरात मारहाण झाली आणि पोलीस गेले, तर दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत शाळेतल्या एका नेमलेल्या माणसाला निरोप जातो. मला काय झालं ते सांगत नाहीत, सांगायची गरजही नसते. "आज त्याला गृहपाठावरून काही बोलू नका" एवढंच कानावर येतं.

आता लगेच इंग्लंडची आरती ओवाळू नका. इथे मी कोणाच्याही घरी गेलेली नाही. पोरगं कुठल्या खोलीत अभ्यास करतं, आजी सोबत राहते का, काही माहीत नाही. जे कळतं ते स्क्रीनवर.

माझी धाकटी बहीण नागपुरात महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर हसली. "ताई, मला कायला पाहिजे फॉर्म? पोट्ट्याचं तोंड पाहून समजते, रात्री बाप पिऊन आला होता का नाही." खोटं नाही. तिच्या वर्गातली एक मुलगी उन्हाळा लागला की पहिला तास चुकवायची. शहराच्या कडेची वस्ती, सकाळी टँकर येतो, आई कामावर गेलेली, पाण्याचे गुंड भरून ठेवायचे हिनेच. बहिणीनं सोमवारची चाचणी मधल्या सुट्टीनंतर घेतली, सगळ्यांसाठीच, कारण न सांगता. तिच्याच शाळेत एक सर मात्र गणित चुकलेल्या पोराला सगळ्यांसमोर म्हणतात, "बाप तसा, तर तू तरी कसा निघणार?" माहिती दोघांकडे सारखीच आहे.

मला वाटतं, बहिणीची नजर आणि इथलं झाकून ठेवणं, दोन्ही एका शाळेत असायला हवं.

सध्या तिचं भांडण पालकसभेवरून चालू आहे. सभा ठेवतात कामाच्या दिवशी सकाळी अकराला. तेव्हा कोणी कळमन्याच्या मार्केटात हमालीवर, कोणी चार घरची धुणीभांडी करत असतं. आले नाहीत की "पालकच बेफिकीर आहेत" असा शेरा. हिनं रविवारी संध्याकाळी सभा मागितली. मुख्याध्यापकांनी विचारलं, शाळा उघडेल कोण? शेवटी किल्ली हिच्याच पर्समध्ये आली आणि पहिल्याच रविवारी चटया कमी पडल्या. हमालीचे बाप जास्त आले होते, याचं तिलाही नवल वाटलं. चहाचा खर्च कोणी करायचा, यावर मात्र स्टाफरूममध्ये अजून वाद चालू आहे.