उष्टी बरणी

नागपूरकराला उन्हाचा भारी गर्व. पारा 45 वर गेला की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना आपण होऊन फोन करतो आणि तक्रारीच्या सुरात मिरवून घेतो. परवा गच्चीवर पापड वाळत घालताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढं ऊन फुकट जाऊन राह्यलं बाप्पा! समुद्र असता तं मीठच पिकवलं असतं."

काकूंचा हिशेब तसा बरोबर आहे. मिठागराला खारं पाणी, सपाट जमीन, वारा आणि ऊन एवढंच लागतं. पण त्या उन्हात उभं कोण राहणार? आम्ही तर अकरानंतर कूलरसमोरून हलत नाही. कच्छच्या छोट्या रणातले मीठ पिकवणारे अगरिया पावसाळा सरला की कुटुंबकबिल्यासह रणात उतरतात, ते पुढचा पावसाळा तोंडावर आल्यावरच परततात. जमिनीखालचं पाणी ते उपसून काढतात. ते समुद्राच्या पाण्यापेक्षाही कितीतरी खारट असतं. त्याआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून दगडासारखा करायचा, नाहीतर सगळं पाणी खाली जिरतं. मग मिठाचे खडे धरू लागले की लांब दांड्याचं जड लाकडी दाताळं घेऊन ते हलवत राहायचे. नाही हलवले तर त्यांची सलग लादी होते. अवजार म्हणावं तर हे दाताळं आणि स्वतःचे पाय. खारात मुरून ते पाय लाकडासारखे होतात.

समुद्र नसला तरी आपला विदर्भ अगदीच अळणी नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा आहे. 1930 साली मिठाचा कायदा मोडायचा तर समुद्र आणायचा कुठून, हा प्रश्न अकोल्याजवळच्या दहीहांड्याने विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं मीठ करून सोडवला.

आणि लोणार! तिथलं पाणी नुसतं खारट नाही, सोड्याचं आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर खार साचायचा, तो लोक गोळा करत. काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं, अशी लोणारची नोंद अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. काकूंच्या पापडातला खार याच सोड्याच्या घराण्यातला. तो उडदाच्या पिठात पडला की पापड फुलतो आणि वाळूत पडला की काच होते. नुसती वाळू वितळवायला सुमारे 1700 अंशांची आच लागते. सोडा घातला की ती पुष्कळ कमी तापमानाला पाझरते. पण नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून जोडीला चुना हवा. हे प्रमाण पहिल्यांदा ज्याला जमलं, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

फुंकनळी मात्र फार पुढची, सुमारे 2000 वर्षांपूर्वी सीरिया-पॅलेस्टाइनच्या बाजूला निघालेली. लोखंडी पोकळ नळी, टोकाला काचेचा लाल गोळा. फुंकायचं आणि फिरवत राहायचं. हात थांबला की गोळा एका अंगाने लोंबलाच. साचा मिटायला पायाशी पोरगा बसलेला. भांडं झालं तरी सुटका नाही. ते वेगळ्या भट्टीत हळूहळू निववावं लागतं, नाहीतर आपोआप तडकतं. आपल्याकडे एकेक पैसा वर्गणी गोळा करून 1908 साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, पुढे कऱ्हाडजवळ ओगल्यांचा. प्रभाकर कंदील तिथलाच.

इतवारीत जुन्या सामानाच्या दुकानात कधीकधी हातची बरणी मिळते. काचेत एखादा बुडबुडा असतो. दुकानदार हौसेने सांगतो, हा फुंकणाऱ्याचा श्वास. तसं काही नसतं, रस भट्टीत नीट निवळला नाही की हवा अडकून राहते. श्वासाची म्हणायची तर ती सगळी पोकळी, जिच्यात आपण लोणचं भरतो. आजीसमोर हे बोलायची सोय नव्हती. कुणीतरी तोंड लावून फुंकलेली बरणी तिने लोणच्याला लागूच दिली नसती.