आईच्या श्वासाच्या स्नायूंची ताकद मोजून घेताना : माझा अनुभव

पीएफटी, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, नॉर्मल आली म्हणजे श्वासाचे स्नायूही ठणठणीत, असं पेशंटने समजणं मी समजू शकते. तपासणी करणाऱ्यांनीच तसं सांगून स्नायूंची ताकद मोजायची चिठ्ठी परत हातात ठेवावी, याचा मात्र मला अजून राग येतो.

आई 71 वर्षांची, वजन 50 किलो. हाताची पकड 14 किलो भरली आणि खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला 16 सेकंद लागले. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांप्रमाणे बायकांची पकड 18 किलोच्या खाली (पुरुषांची 28) किंवा पाच वेळा उठायला 12 सेकंद वा जास्त लागले, तर स्नायूंच्या झिजेची शंका घ्यायची. फिजिओथेरपिस्टने म्हणूनच एमआयपी (श्वास ओढण्याचा सर्वाधिक दाब) आणि एमईपी (फुंकण्याचा सर्वाधिक दाब) लिहून दिलं. वय, पडून राहणं, कमी प्रथिनं, दीर्घकाळ स्टेरॉइड, मंदावलेलं थायरॉइड या गोष्टी मांडीचे स्नायू खातात, तशाच डायफ्रामलाही, म्हणजे छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूलाही, सोडत नाहीत. तो दिवसरात्र चालतो खरा, पण एरवी अगदी हलक्या भारावर.

अडलं ते लॅबमध्ये. काउंटरवर उत्तर एकच, "पीएफटी झालीय ना? मग हे कशाला?" यंत्रात ती सोय होती, फक्त कोणी वापरत नव्हतं. पीएफटीत किती हवा किती वेगाने बाहेर येते ते कळतं. स्नायू किती जोर लावू शकतात ते कळत नाही, आणि ती ताकद बरीच घटेपर्यंत एफव्हीसीचा (जोराने फुंकून बाहेर पडलेल्या एकूण हवेचा) आकडा चांगलाच दिसत राहतो. हे प्रत्येक टेबलावर पुन्हा सांगावं लागलं. शेवटी चाचणी झाली तीही घाईत. आईला नेहमीच्या श्वासावरच "ओढा" म्हटलं, कवळी काढून ठेवायला लावली, दोन प्रयत्नांत एमआयपीचा 22 आकडा लिहून मोकळे. मी सही न करता पुन्हा करायला लावलं.

नीट करायची पद्धत अशी. ताठ बसायचं, नाकाला चिमटा. कवळी तोंडातच राहू द्यायची, नाहीतर ओठांच्या कडेने हवा गळते. एमआयपीसाठी आधी फुफ्फुसं जमतील तेवढी रिकामी करायची आणि मग बंद नळीतून सगळ्या जोराने ओढायचं, किमान दीड सेकंद. त्यातला एका सेकंदाचा टिकलेला दाब धरतात, क्षणभराची उसळी नाही. एमईपीला उलट, पूर्ण भरून फुंकायचं, आणि तेव्हा गाल हाताने दाबून धरायचे. नळीला साधारण 2 मिमीचं बारीक छिद्र हवंच. ते नसेल तर नुसत्या गालांनी चोखूनही आकडा वर जातो. प्रत्येक प्रयत्नानंतर मिनिटभर विश्रांती. पहिले काही प्रयत्न शिकण्यातच जातात, म्हणून एकमेकांच्या 10 टक्क्यांत येणारे तीन आकडे मिळेपर्यंत थांबायचं नाही, आणि त्यातला सर्वांत मोठा घ्यायचा. शेजारी उभं राहून "अजून, अजून" म्हणणारं माणूस लागतंच. असं केल्यावर आईचा एमआयपीचा आकडा 39 सेंमी पाणी (हा दाब मोजायचं एकक) आला. 22 आणि 39 मध्ये व्यायामाचा सगळा हिशेब बदलतो.

एक लक्षात ठेवा : एमआयपीचा आकडा 80 च्या वर आला तर लक्षणीय कमजोरी जवळपास नाहीच. कमी आला तर मात्र ती कमजोरी असेल किंवा प्रयत्न अपुरा पडला असेल. नळी तोंडात नीट धरता येत नसेल, तर नाकाने जोरात हुंगून दाब मोजायची चाचणी विचारा. त्यात बायकांना 60 आणि पुरुषांना 70 च्या वर आकडा आला की चिंता मिटते.

श्वास ओढायच्या स्नायूंचा व्यायाम एमआयपीच्या 30 टक्के भारावर सुरू केला, म्हणजे 12 सेंमी पाण्यावर. स्प्रिंगची झडप असलेलं यंत्र, सकाळी 30 श्वास, संध्याकाळी 30. सोपं वाटू लागलं की भार थोडा वाढवायचा. मेडिकलमध्ये मागितलं की तीन बॉलचं यंत्र हातात देतात, ते यासाठी नाही. ते हवेचा वेग दाखवतं, ऑपरेशननंतर फुफ्फुस उघडं ठेवायला चांगलं, पण त्यात ठरावीक भार लावता येत नाही.

नुसत्या यंत्राने मांड्या भरणार नाहीत, त्यामुळे खुर्चीतली उठबसही रोज, आणि दिवसाला 60 ग्रॅम प्रथिनं. आई अंडी खाते म्हणून जमतं. नाहीतर दही, पनीर, उसळी प्रत्येक जेवणात वाटून घ्याव्या लागतात.

हे आधीच सांगायला हवं होतं : नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल, फुफ्फुसाभोवती हवा भरली असेल किंवा छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चाचणीही नको आणि यंत्रही नको. एमईपीचा आकडाही रिपोर्टवर लिहून घ्याच. खोकून कफ बाहेर टाकायची ताकद त्यावरून कळते, आणि म्हाताऱ्या माणसाचा साधा सर्दी-खोकला न्यूमोनियावर जाण्यात कमजोर खोकल्याचा मोठा हात असतो.