दहावीच्या सवलतीची फाईल आठवीतच उघडा

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी ठीक, पण वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडचण. अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकाची सवलत मिळते. वर्गात असं मूल आहे असा संशय आला की मी आधी श्रुतलेखनाची वही काढते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण लिहायची त्याच्या आधी. म्हणून ‘पिवळा’चं ‘पविळा’ होतं. ‘घर’चं ‘धर’, ‘भात’चा ‘मात’ हे तर नेहमीचंच. एखाद्या दिवशी कुणाचंही चुकतं. पण सहा महिन्यांच्या वह्यांत तीच चूक त्याच जागी दिसते आणि तोंडी विचारलं की पोरगं फटकन बरोबर उत्तर देतं, तेव्हा फाईल उघडायची.

मुंबईत एक गल्लत हमखास होते. घरी भोजपुरी किंवा तेलुगू बोलणारं मूल मराठीत अडखळलं की लगेच शिक्का बसतो. मराठी शाळेत येऊन त्याला किती वर्षं झाली, घरच्या भाषेत ते गोष्ट नीट सांगतं का, हे आधी बघा आणि तपासणीसाठी शाळा देते त्या पत्रातही लिहा.

शाळेच्या पत्रावर बरंच अवलंबून असतं. ‘अभ्यासात कच्चा, लक्ष देत नाही’ या ओळीवरून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. मी असं लिहिते: चौथीचा 60 शब्दांचा उतारा, वाचायला 3 मिनिटं, 14 चुका, तोच उतारा वाचून दाखवल्यावर पाचपैकी चार उत्तरं बरोबर. सोबत वह्यांच्या झेरॉक्स, लाल शेऱ्यांसकट.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तिच्या तपासणीसाठी एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) क्लिनिक आहे. पण आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते कागद नसले तर पुढची चाचणी अडते. मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. एका फेरीत होत नाही, आणि रोजंदारीवरच्या आईबापांचा प्रत्येक फेरीला खाडा पडतो. दुसऱ्या फेरीनंतर मुलं गळतात ती बहुधा याच कारणाने. पुढची तारीख शिक्षकानेच डायरीत लिहून आदल्या दिवशी फोन करावा.

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्राचा, अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. खरी डोकेदुखी नावाची. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या जनरल रजिस्टरात दुसरं. रजिस्टरातली दुरुस्ती शिक्षण निरीक्षकांच्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि दहावीत तेवढा वेळ उरत नाही. आठवीत सुरुवात करायची ती यासाठीच.

प्रमाणपत्र हाती आलं की शाळेने दहावीची परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या वाशीच्या विभागीय कार्यालयाकडे सवलतीचा प्रस्ताव पाठवायचा. दर तासाला 20 मिनिटं जादा, म्हणजे गणिताच्या दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटं. लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते पेपरात लिहिणारा, खालच्या इयत्तेतला लागतो, आणि तो ऐन वेळी शोधू नये. सांगून लिहून घेणं हे वेगळंच कसब आहे, ते दोघांनाही शिकवावं लागतं. ‘दोन छेद तीन अधिक एक’ असं मुलाने म्हटलं, तर एक छेदात लिहायचा की बाहेर? लेखनिक आपल्या मनाने लिहितो आणि गुण मुलाचे जातात. म्हणून सराव परीक्षेपासूनच ‘छेद सुरू’, ‘छेद संपला’ असं मोठ्याने म्हणायची सवय लावायची.