दोनच पीळ, तिसरा नाही

टोकियोत आठ दिवस होतो. त्यातले सात देवळं, गर्दी आणि पायाचे फोड यांत गेले. लिहायचंय ते नाकानो ब्रॉडवेबद्दल. शिंजुकूहून चुओ रॅपिड या जलद लोकलचं पुढचंच स्टेशन नाकानो. उत्तरेकडून बाहेर पडून छपराखालच्या बाजारातून सरळ चालत गेलं की १९६६ची ही दुकानांची इमारत लागते. वर काचेची कपाटं आणि आत पत्र्याची चावीवाली खेळणी.

योकोहामाचं संग्राहक किताहारांचं पत्र्याच्या खेळण्यांचं म्युझियम सुंदर आहे, पण तिथे सगळं काचेआड. इथे काउंटरवरच्या माणसाने ट्रेवर मऊ कापड पसरलं, लाइनमार कंपनीचा पॉपाय त्यावर ठेवला, चावीला दोन पीळ दिले आणि थांबला. मी तिसऱ्यासाठी बोट दाखवलं, तर त्याने हसून मान हलवली. बरोबरच होतं त्याचं. १९५०च्या दशकातली कमान (स्प्रिंग) ती, गच्च भरली तर तुटायची भीती.

त्या दोन पिळांत सगळं कळतं. चावी नुसतीच गरगर फिरली, तर कमान तुटलीय किंवा आतलं टोक दांड्यावरून निसटलंय. सोडल्याबरोबर चावी उलटी आली, तर खटका गेलाय. कमान भरतेय पण बाहुला ढिम्म, म्हणजे बहुधा जुनं ग्रीस घट्ट झालंय. हा दोष परवडतो. भर्रकन आवाज करून दोन सेकंदांत रिकामं झालं, तर चाकाचे दात झिजलेत. ते मुकाट्याने परत ठेवावं.

मग बाहुला उलटा करून जिभा, म्हणजे जोडाच्या पत्र्याच्या पट्ट्या, बघायच्या. चित्र सपाट पत्र्यावर छापून मग तो ठोकून आकार देत, आणि दोन भाग खाचेत जिभा मुडपून जोडत. जीभ एकदा उघडली की दुमडीवरचा रंग तडकतो, पांढरा पत्रा चमकतो. दोन-तीनदा वाकवली की तुटतेच. सगळ्या जिभा एकसारख्या धूसर दिसल्या, तर आत कुणाचा हात गेलेला नाही.

लाइनमार ही अमेरिकेच्या मार्क्स या खेळण्यांच्या कंपनीची जपानी शाखा होती, म्हणून तिची खेळणी पॉपाय आणि मिकी अशी अमेरिकी. अ‍ॅटम आणि तेत्सुजिन हे जपानी कार्टूनमधले रोबो १९६३मध्ये टीव्हीवर आले, ती खेळणी जपानमधल्याच मुलांसाठी. पाटीवर ‘फुक्कोकु’ असेल तर ती नवी आवृत्ती. तीही देखणी असते, फक्त जुन्याचे पैसे मोजू नका. ‘जंकु’ म्हणजे चालण्याची हमी नाही. आणि खोक्याचे पैसे! रिकाम्या पुठ्ठ्यासाठी इतके मोजणं मला आजही पटत नाही.

प्रवासात कमानीचा पीळ पूर्ण उतरवून, टिश्यूत गुंडाळून, हातातल्या बॅगेत. मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल, नाहीतर जिभांच्या खाचेतून गंज सुरू होतो. तेल फक्त आसाच्या टोकाला, सुईच्या अग्रावर मावेल इतकंच. छापावर स्प्रे मारू नका, रंग उतरू शकतो.