रहाटाचे दात

माझ्या आजोळी, अलिबागजवळच्या नागावात, वाडीतल्या विहिरीवर आता विजेचा पंप आहे आणि जुन्या रहाटाचे एक दातेरी लाकडी चाक तेवढे गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे आहे. परवा त्यावरची धूळ झटकताना जाणवले की ‘संसाराचे रहाटगाडगे’ हा शब्द मी आयुष्यभर वापरत आलो, पण ते यंत्र चालत कसे असे, हे मला नीट सांगता आले नसते.

बैल विहिरीभोवती फिरतो हा माझा जुना समज चुकीचा होता. तो विहिरीच्या बाजूला, एका उभ्या खांबाभोवती फिरत असे. खांबाला बसवलेल्या आडव्या चक्राचे दात शेजारच्या उभ्या चक्राच्या दातांत अडकत आणि बैलाची आडवी फेरी उभ्या फिरण्यात बदलत असे. त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाला, थेट विहिरीच्या तोंडावर, मोठे चाक असे व त्यावरून दोरांत बांधलेल्या गाडग्यांची माळ पाण्यापर्यंत सोडलेली असे. भरलेली गाडगी एका बाजूने वर येत, माथ्यावर कलंडून पन्हळीत रिती होत आणि दुसऱ्या बाजूने उपडी खाली जात. पन्हळीतले पाणी पाटाने पोफळींच्या आळ्यांपर्यंत पोहोचे.

देशावर मोट, म्हणजे बैलांनी दोराने ओढून वर काढायची चामड्याची मोठी पिशवी, आणि किनाऱ्यावर रहाट, असे का, याचे उत्तर बरेचसे जमिनीतच आहे. गाडग्यांची माळ जितकी लांब तितके बैलावरचे ओझे अधिक, म्हणून देशावरच्या खोल विहिरींना मोटच सोयीची. आमच्याकडे मात्र पाणी फार खाली नसते, आणि वाळूमिश्रित जमिनीतल्या पोफळीला एकदम लोंढा नव्हे, तर बारीक, न तुटणारी धार लागते. मोटेच्या बैलांचा अर्धा वेळ धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, माघारी येण्यात जातो; रहाटात रिकामी खेप नाहीच.

1526 साली पानिपत जिंकणाऱ्या बाबराने आपल्या आठवणींत या दोन्ही साधनांचे वर्णन केले आहे. लाहोर, दीपालपूर, सरहिंदकडचा रहाट त्याने दोर, काठ्या, मडकी आणि दात यांसह अगदी सुताराच्या नजरेने टिपला. आग्र्याकडच्या मोटेला मात्र कष्टाची आणि घाणेरडी म्हटले, कारण तिचा दोर शेणामुतातून घासटत जाऊन पुन्हा विहिरीत पडतो. बादशहाची ही तक्रार मला तरी रास्त वाटते.

शब्दाची वाट त्याहून जुनी आहे. संस्कृत ‘अरघट्ट’पासून आपला रहाट आला, आणि ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या अखेरीस नायक चारुदत्त म्हणतो की दैव कुणाला रिते करते, कुणाला भरते, विहिरीवरच्या यंत्राच्या घटांसारखे. त्याच्या उपमेत वर येणारे भरले गाडगेही आहे. आपण मात्र वाक्प्रचारात फक्त डोळ्यांना झापड लावलेला बैल ठेवला.

गोठ्यातल्या त्या चाकाचा प्रत्येक दात स्वतंत्रपणे ठोकून बसवलेला आहे. म्हणजे एक मोडला तर तेवढाच बदलायचा, चाक तसेच राहायचे. त्यांतल्या दोन दातांचे लाकूड इतरांपेक्षा फिकट आहे आणि त्यांची टोके जवळपास झिजलेलीच नाहीत. ते बसवल्यावर थोड्याच दिवसांत वाडीत पंप आला असावा.