गोळ्या चालू असताना बंदुकीचा परवाना

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि बँकेत गनमन लागलो. या नोकरीत बंदूक आपली, परवानाही आपलाच. परवाना गेला की पगार गेला. आमच्यातले कितीतरी जण रात्ररात्र जागे असतात, पण मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जात नाहीत. त्याचं कारण हेच. लोक काय म्हणतील, हे त्यानंतर.

मी गेलो. झोप उडाली होती, घरात विनाकारण आवाज चढत होता. गोळ्या लिहून देण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "बंदूक घरातच असते का?" मला राग आला नाही. फौजेत तब्येतीची 'शेप' तपासणी असते, त्यातलं एस हे अक्षर म्हणजे मन. एसचा दर्जा खाली आलेल्या जवानांची हत्याराची ड्यूटी थांबलेली मी पाहिली होती. माझी बारा बोअर बंदूक परवानाधारक शस्त्र दुकानदाराकडे जमा केली, पावती घेतली, बिनपगारी रजा टाकली. निवडणुका आल्या की ठाण्यात जमा करतोच की.

बरं वाटू लागल्यावर नूतनीकरणाचा अर्ज केला. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एस-३ नमुन्यात डॉक्टरचा दाखला लागतो: मन ठीक, शरीर ठीक, नशेचं व्यसन नाही. नाडीही न बघता तो लिहून देणारे डॉक्टर गावोगाव आहेत. मी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच घेतला. गोळ्या चालू आहेत, प्रकृती स्थिर आहे, शस्त्र बाळगायला हरकत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. फाइल तिथेच अडली. कारकून म्हणाला, "मेजर, डोक्याच्या गोळ्या घेणाऱ्याला कसा देणार?"

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १४ मनोविकल व्यक्तीला परवाना नाकारतं, हे खरं. पण वकील भाच्याने २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा पुढे केला. त्याचं कलम ३(५) म्हणतं, मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी मनोविकल ठरत नाही. तसं न्यायालयाने ठरवावं लागतं. तेच अर्जात लिहिलं. शेवटी एक ओळ घातली: नाकारायचं असल्यास कारण लेखी द्यावं. मग फाइल हलली. पडताळणीला आलेल्या पोलिसाने बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "मारझोड करतात का?" सगळ्या खटाटोपात मला पटलेला प्रश्न हा एकच.

परवाना मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीमुळे आता मुदत तीनऐवजी पाच वर्षांची आहे. मधल्या काळात झोप पुन्हा बिघडली तर बंदूक आधी दुकानात जमा करायची आणि मग डॉक्टरकडे जायचं, असं आम्ही नवराबायकोने ठरवलंय.